एसीपी प्रद्युम्न गेले म्हणे. तुमच्या घरी काय झालं?

ओटीवरून
मंडळी, सी.आय.डी.चा एप्रिलच्या पहिल्या शनिवार-रविवारचा भाग कोणी पाहिला का? न पाहिलेल्यांनी इथून मागे फिरा, पुढे सगळं फोडलंय.

माझे सासरे, नाना, वय ७९. एसटीत कंट्रोलर होते. जानेवारी १९९८ ला मालिका सुरू झाली तेव्हापासूनचे प्रेक्षक. २०१८ मध्ये बंद पडली तेव्हा यूट्यूबवर जुने भाग लावून द्यायची ड्यूटी माझ्याकडे आली, ती डिसेंबर २०२४ मध्ये मालिका परत आल्यावर सुटली. शनिवार-रविवार रात्री दहाला आमच्याकडे कुकर लावायचा नाही, मिक्सर लावायचा नाही. खुनी कोण हे कळलं असेल त्याने गप्प बसायचं.

नानांची एक डायरी आहे. विमा एजंटने कधीतरी दिलेली, २००३ सालची. त्यात तारीख, 'मयत' आणि 'संशयित' असे रकाने. पहिली जाहिरात लागायच्या आत संशयिताचं नाव लिहायचं, नंतर खाडाखोड नाही. शेवटी बरोबर आलं तर लाल पेनाने टिक, चुकलं तर फुली. टिका फुल्यांपेक्षा जास्त आहेत. पण मालिकेत पाहुणा म्हणून जो ओळखीचा नट येतो तोच खुनी असतो, हे घरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

तर त्या दिवशी मालिकेतला खलनायक बारबोसा याने बॉम्ब लावला आणि एसीपी गेले. नाना बघत राहिले. डायरी मांडीवर उघडीच होती. पेनाचं टोपण काढलं, काहीतरी लिहिलं, टोपण लावलं. भाग संपल्यावर अर्धी भाकरी आणि दूध असा त्यांचा ठरलेला बेत असतो. वाढायला गेले तर "नको" म्हणाले आणि जाऊन पडले. भाकरी सकाळी कावळ्याला घातली. (ते तसं करू नये असं जाऊबाईंचं म्हणणं पडलं. एसीपींचा पिंड झाला म्हणे.)

वर चॅनलने एसीपींचा फोटो टाकला, खाली १९९८–२०२५. झालं! आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर सकाळपासून हात जोडलेले. तळमजल्याच्या काकूंनी थेट 'शिवाजी साटम यांना भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून टाकलं. अहो, साटम एसीपींचं काम करतात, माणूस धडधाकट आहे!

एसीपी खरंच मेले असं तुम्हाला वाटतं का? आणि पात्र मेलं म्हणून असा शोकसंदेश काढणं तुम्हाला पटतं का?

बोरिवली_फास्ट
नानांना दंडवत. डायरीचा फोटो टाका.

दुपारची_झोप
रविवारी रामनवमी होती. उपास असेल त्यांचा.

ओटीवरून
@दुपारची_झोप, नानांनी आयुष्यात उपास केलेला नाही. एकादशीला सुद्धा अंडं मागतात.

चिकित्सक_७२
लोक या मालिकेवर इतका जीव लावतात हेच मला नवल. एक तर महाराष्ट्राच्या सी.आय.डी.चं, म्हणजे गुन्हे अन्वेषण विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे. मुंबईत तपास करते ती क्राइम ब्रँच, ती पोलीस आयुक्तांच्या हाताखाली. एसीपी म्हणजे सहाय्यक पोलीस आयुक्त, हे पद आयुक्तालयातलं. तेव्हा 'मुंबई सी.आय.डी.चे एसीपी' ही गाडी पहिल्या स्टेशनलाच रुळावरून घसरते. वीस वर्षं प्रमोशन नाही, बदली नाही. सरकारी नोकरीत इतका काळ एका खुर्चीत बसलेला माणूस दाखवा.

सातारी_कंदी
@चिकित्सक, आमच्या गावच्या तलाठी ऑफिसात या.

खिडकीतला_पोपट
मुख्यालय पुण्यात असेल तर मालिकेतल्या दयाला दार तोडायच्या आधी पाटी वाचावी लागेल. 'दार तोडू नये. बेल वाजवावी. एकदाच.'

वकीलबाई
ओटीवरून, लेख छान जमलाय. नानांना सांगा, आमच्या बार रूममध्येही चर्चा झाली.

माझा या मालिकेवरचा राग वेगळा आहे आणि तो धंद्यातला आहे. दर भागाच्या शेवटी एक थप्पड बसते आणि खुनी पहिलीपासूनची गोष्ट सांगायला लागतो. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी साक्षीपुराव्याच्या कायद्यात कलम २५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यात कलम २३. एवढाच फरक. कबुली घ्यायची तर मॅजिस्ट्रेटसमोर. त्यामुळे एसीपींनी 'अब तुम्हें फाँसी होगी' म्हणून पाठवलेले किती जण सुटले असतील याचा हिशेब केला तर नानांची डायरी पुरायची नाही. माझ्याकडे एक अशील आला होता, घरफोडीतला. जामीन झाल्यावर म्हणतो, "मॅडम, टीव्हीवर तर लगेच फाशी होते, मी फार घाबरलो होतो." मालिकेचा हा एक फायदा.

दुपारची_झोप
म्हणजे थप्पड खाऊन वर सुटका. डबल धमाका.

काचपट्टी
मी कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. नोकरीभर लग्नकार्यात एकच प्रश्न. "तुम्ही मालिकेतल्या डॉक्टर साळुंखेंसारखंच का?" नाही हो. साळुंखे निळ्या पाण्यात लाल पाणी ओततात, धूर निघतो, आणि बाजूला उभ्या एसीपींना तिथल्या तिथे विषाचं नाव सांगतात. आमच्याकडे व्हिसेरा, म्हणजे मृताच्या पोटातले अवयव, मिठाच्या दाट पाण्यात घातलेल्या बरण्यांतून येतो. पहिलं काम विश्लेषणाचं नसतंच. बरणीवरचं लाखेचं सील शाबूत आहे का, सोबतच्या पत्रावरच्या नमुना सीलशी जुळतं का, लेबलावरचा गुन्हा नंबर आणि पत्रातला नंबर एकच आहे का, हे बघायचं. नंबरातला एक आकडा चुकला की कोर्टात वकीलबाईंसारख्या कोणीतरी आम्हाला उभं-आडवं घेतात. अहवाल यायला महिने लागतात आणि तोवर आणणारा हवालदार बदलून गेलेला असतो.

आता मूळ प्रश्नावर. बॉम्बमध्ये माणूस गेला असं म्हणायला ओळख पटावी लागते. स्फोटात चेहरा राहत नाही, बोटांचे ठसे राहतीलच असं नाही. हाडाचा तुकडा किंवा दाढ मिळाली तर डीएनए काढता येतो. दाढ बरीच आग सोसते. पण तो डीएनए जुळवायचा कशाशी? आईवडील किंवा मूल असेल तर उत्तम. आणि इथे खरी गोम आहे. एसीपींचा मुलगा नकुल. त्याला एसीपींनीच गोळी घातली होती. मग संदर्भ नमुना कोणाचा घेतला? कंगव्यातले केस? दाढीचा ब्रश? मालिकेने याचं उत्तर दिलेलं नाही, म्हणून माझ्या हिशेबी एसीपी तूर्त 'बेपत्ता' आहेत.

बोरिवली_फास्ट
काचपट्टीकाका, टाळ्या! नकुल मी विसरलोच होतो. पोटच्या पोराला गोळी घालतात तो भाग शाळेत असताना पाहिला होता. रात्री बाबांकडे बघायची भीती वाटली होती.

वकीलबाई
@काचपट्टी, उभं-आडवं घेतो पण चहाही पाजतो. बेपत्ता म्हणाल तर सात वर्षं ज्यांना खबर मिळायला हवी होती त्यांना ती मिळाली नाही, तरच मृत धरता येतं. म्हणजे २०३२ पर्यंत एसीपी कायद्याने जिवंत.

हभप_हौशी
कायदा सोडा, पुराण बघा. प्रद्युम्न कोण? श्रीकृष्ण-रुक्मिणीचा मुलगा. बाळंतिणीच्या खोलीतून शंबरासुराने पळवला आणि समुद्रात फेकला. माशाने गिळला. तो मासा कोळ्यांच्या जाळ्यात सापडून शंबराच्याच मुदपाकखान्यात आला, चिरला तर आत बाळ जिवंत! आणि त्याच्या आधीचा जन्म कोणता? मदन. शंकराच्या तिसऱ्या डोळ्याने ज्याची राख केली तो. म्हणजे एकदा जळून, एकदा बुडून परत आलेलं हे नाव आहे. बारबोसाने आडनाव बघून नाही, निदान नाव बघून तरी बॉम्ब लावायचा होता.

माशाची वाट बघा, मंडळी.

खिडकीतला_पोपट
हभप, साष्टांग. तेवढं 'प्रद्युमन' की 'प्रद्युम्न' तेही सांगा. चॅनलवाले आणि आमचा मुलगा दोघेही 'मन' म्हणतात.

हभप_हौशी
प्रद्युम्न. हिंदीत जोडाक्षराला लगेच धाप लागते.

नाकदुऱ्या
मला वाईट वाटलं, आणि त्याची लाजही वाटत नाही. तरी त्या शोकसंदेशाबद्दल ओटीवरून यांच्याशी सहमत. माझी आई ८४ वर्षांची आहे. तिने तो फोटो बघितला आणि मला पुण्याहून फोन लावला. "अगं, तो 'एक शून्य शून्य'मधला गेला." तिच्या लेखी साटम अजून दूरदर्शनवरच आहेत. तिला पटवायला मला साटमांची कोणतीतरी ताजी मुलाखत शोधून दाखवावी लागली. ती बघून म्हणाली, "ही जुनी असेल."

गोष्टीतलं मरण गोष्टीत ठेवा. जन्मसाल-मृत्यूसाल असा फोटो आपल्याकडे चौकात लागतो, पेपरात येतो. ती भाषा उसनी घेतली की म्हातारी माणसं फसणारच. तिच्या वयाची अर्धी डझन नावं त्या वर्षात पेपरात तशीच आली होती.

सातारी_कंदी
'एक शून्य शून्य'! काय काढलंत हो. आमच्या आळीत एकच टीव्ही, वीस माणसं. तीही बी. पी. सिंगांचीच मालिका आणि तिथेही साटम. सी.आय.डी.ची खरी शाळा ती. नाव पोलिसांच्या १०० नंबरवरून. आता ११२ आलाय, म्हणजे नवी काढली तर 'एक एक दोन' म्हणावी लागेल, कवायत वाटेल.

चिकित्सक_७२
हे मात्र कबूल. ती मालिका बरी होती. कमी आरडाओरडा.

परदेशी_पाहुणा
एडिसन, न्यू जर्सी. आमच्याकडे नेटफ्लिक्सवर बघतो. माझ्या बारा वर्षांच्या पोराला मराठी समजतं पण बोलायचा कंटाळा. 'दया, दरवाजा तोड दो' मात्र तो रोज बाथरूमबाहेर उभा राहून बहिणीला ऐकवतो. एसीपी गेले तर म्हणाला, "बाबा, बॉडी दिसली नाही म्हणजे जिवंत." हे तो सुपरहिरोंच्या सिनेमांवरून शिकला, पण नियम सारखाच दिसतोय.

आठवण म्हणून सांगतो, शेरलॉक होम्सलाही त्याच्या लेखकाने १८९३ साली धबधब्यात ढकललं होतं. लोक इतके चिडले की १९०३ मध्ये परत आणावं लागलं. तिथेही प्रेत सापडलं नव्हतं.

रंधा
दाराचा विषय निघालाच आहे तर बोलतो. माझं फर्निचरचं काम आहे, तीस वर्षं. गिऱ्हाईक हमखास विचारतं, "दया आला तर टिकेल ना?" दार कधी तुटत नाही. तुटते ती चौकट, कडी बसते त्या जागी. आतल्या खोल्यांना लोक स्वस्तातला पोकळ फ्लश डोअर लावतात, आणि कोयंड्याला अर्ध्या इंची स्क्रू. तो स्क्रू लाकडात कितीसा जाणार? खांद्याने जोर दिला की कोयंडा स्क्रूसकट उपटून येतो. दयाची ताकद त्यात निम्मी, सुताराची कंजुषी निम्मी. सागवानी चौकट, दोन इंची स्क्रू आणि आतून आडणा घातला तर दयाचं काम करणाऱ्या शेट्टीसाहेबांचा खांदा निखळेल, दार हलायचं नाही. पण गावच्या वाड्याच्या दाराला दयाने हात लावलेला मी कधी बघितला नाही. माणूस हुशार आहे.

बोरिवली_फास्ट
धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. घरचे स्क्रू मोजायला निघालो.

दुपारची_झोप
रंधाशेठ, कोटेशन पाठवा. दयाप्रूफ, दोन बेडरूम.

चिकित्सक_७२
धागा नेहमीप्रमाणे सुतारकामावर गेला. एक गंभीर मुद्दा मांडू का? नवे एसीपी आयुष्मान म्हणून तरुण माणूस आणला. अभिजित आणि दया वीस-पंचवीस वर्षं तिथे घासतायत, त्यांना डावलून बाहेरून साहेब. हा मालिकेतला पहिला वास्तववादी प्रसंग आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही.

वकीलबाई
@चिकित्सक, हे पहिल्यांदा तुमचं शंभर टक्के पटलं. आमच्याकडे या कारणावरून लोक थेट मॅटमध्ये, म्हणजे सरकारी नोकरांच्या प्रशासकीय न्यायाधिकरणात जातात.

सातारी_कंदी
त्या पोराची कीव आली मला. पार्थ समथानची चूक काय? पण ज्या खुर्चीत घरचं माणूस बसायचं तिथे पाहुणा बसला की त्याने कितीही चांगलं केलं तरी लोक म्हणणार, "ते वेगळे होते हो."

नाकदुऱ्या
एक सांगायचं राहिलं. सगळे एसीपींसाठी रडतायत. खरा गेला तो फ्रेडी. त्याचं काम करणारे दिनेश फडणीस, डिसेंबर २०२३. मालिका परत येणार हे कळलं तेव्हा मला आधी तोच आठवला. बायकोला घाबरणारा, भुताला घाबरणारा, प्रेत पाहिलं की एक पाऊल मागे. नव्या भागांत त्याची जागा कोणी घेतली नाही, ते बरं केलं. आईने टीव्ही लावला की अजून विचारते, "तो जाड्या कुठाय?" मी सांगते, सुट्टीवर आहे.

काचपट्टी
हं. फ्रेडीच्या वेळी आमच्या घरीही दोन दिवस कोणी ती मालिका लावली नव्हती.

खिडकीतला_पोपट
...

परदेशी_पाहुणा
साटमांच्या आवाजाबद्दल कोणी बोललं नाही. हिंदी बोलतात पण खाली मराठी वाजत असतं. हवेत हात फिरवून 'कुछ तो गडबड है' म्हणतात ना, तेव्हा मला आमचे गिरगावातले बँकेतले काका दिसतात, कॅश पाच रुपयांनी जुळत नसली की अगदी तसेच बोटं फिरवायचे. मग कळलं की साटम स्वतःही बँकेत नोकरीला होते. आता त्या हाताचा उलगडा झाला.

ओटीवरून
सगळ्यांचे आभार. नानांना प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. काचपट्टीकाकांचा नमुन्याचा मुद्दा दोनदा वाचायला लावला. रंधाशेठचं ऐकून उठले आणि स्वतःच्या खोलीचा कोयंडा हलवून बघितला. आयुष्मानचे भाग मात्र बघत नाहीत. दहा वाजता टीव्हीसमोर बसतात, बातम्या लावतात. डायरी कपाटात.

दुपारची_झोप
बातम्यांत तरी खुनी ओळखतात का?

ओटीवरून
@दुपारची_झोप, तिथे सगळ्याच फुल्या.

बोरिवली_फास्ट
(काही आठवड्यांनी) धागा वर काढतोय. मासा सापडला!!! एसीपी परत!

हभप_हौशी
आम्ही कीर्तनात हेच सांगत असतो, पण श्रोते चहाला उठलेले असतात.

काचपट्टी
जिवंत माणसाचा नमुना जुळवणं सोपं. माझी हरकत मागे घेतो.

चिकित्सक_७२
म्हणजे शोकसंदेश, आठवडाभराचं रडगाणं, नवा साहेब, सगळं प्रेक्षक मोजायला. आणि तुम्ही परत बघायला बसणार.

सातारी_कंदी
बसणार. तुम्ही पण. नाहीतर परत आले हे तुम्हाला इतक्या लवकर कळलं कसं?

चिकित्सक_७२
घरचे बघत होते, मी पेपर वाचत होतो.

नाकदुऱ्या
आईला सांगितलं, एसीपी आले. म्हणाली, "बघ, मी म्हटलं होतं ना गेला नाही म्हणून." तिने म्हटलं नव्हतं.

वकीलबाई
ओटीवरून, नानांचं काय?

ओटीवरून
सांगते. शनिवारी मी काही न बोलता सोनी लावलं. एसीपी दिसले. मला वाटलं खूश होतील, डोळे पुसतील. नाना म्हणाले, "इतके दिवस कुठे होते? ऑफिसला कळवायला नको? कंट्रोलर असतो तर बिनपगारी रजा लावली असती." मग उठले, कपाटातून डायरी काढली, लाल पेन शोधलं. ते नेमकं सापडेना, धाकट्याच्या कंपासमध्ये निघालं. एप्रिलचं पान उघडून मोठी टिक केली आणि डायरी मिटली.

ते झोपल्यावर मी बघितलं. तारीख. मयत या रकान्यात 'कोणी नाही.' संशयित या रकान्यात 'चॅनलवाले'. खाडाखोड नाही.

सकाळी चहा देताना विचारलं, "नाना, त्याच रात्री ओळखलं होतंत, तर मग जेवला का नाहीत?"

म्हणाले, "त्या दिवशी पोट ठीक नव्हतं."

दुपारची_झोप
साखर किती घालतात चहात?

ओटीवरून
दोन चमचे. डॉक्टरांना सांगू नका.